ऑगस्टातलं वरचं घर

जून लागला की समुद्रकाठच्या आमच्या बुद्वा गावातली माणसं आपल्याच घरात खाली उतरायची. जुन्या गावाभोवतीच्या दगडी तटाच्या आत ज्याचं ज्याचं घर, त्याची ही रीतच होती. वरच्या खोल्या, चांगल्या गाद्या, खिडकीतला समुद्र, सगळं पाहुण्यांना. घरची मंडळी खाली कोनोबात, म्हणजे तळघरात. मुळात ती जागा वाइनच्या पिंपांची आणि खारवलेल्या मासळीची. तिथं पोरंबाळं, म्हातारेकोतारे, एक शेगडी आणि एक नळ, असा सप्टेंबरपर्यंत मुक्काम. शेवटचा पाहुणा गेला की गाद्या उचलायच्या आणि पुन्हा वर जायचं. याचं कुणाला वाईट वाटलेलं मी तरी ऐकलं नाही. वाईट वाटून घ्यायला वेळ होता कुणाला? हिवाळ्यातलं पीठ-तेल त्या दोन-तीन महिन्यांतच कमवायचं असायचं.

आता तीही रीत गेली. लोकांनी कोनोबे कपड्यांच्या दुकानांना आणि आइस्क्रीमवाल्यांना देऊन टाकले आणि स्वतः तटाबाहेर लिफ्टवाल्या इमारतींत राहायला गेले. जानेवारीत आमच्या गल्लीत उभं राहून हाक मारा, ओ द्यायला मांजरं येतील. अजूनही उन्हाळ्यात खाली उतरणारी एकटी दारिंका राहिली. नवरा निको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा सावो स्वीडनला, गोटेनबर्गच्या गोदीत जहाजांची इंजिनं दुरुस्त करतो, बायको उल्रिका आणि लेक सिग्रिड तिकडेच. तेव्हा जूनमध्ये उतरायचं तेही एकटीनं आणि सप्टेंबरात चढायचं तेही एकटीनं. गादीचं दुसरं टोक धरायलासुद्धा कुणी नाही. जिन्यावरून ती गादी घसरवत नेताना बाई स्वतःशीच भांडते, आणि समोरच्या दुकानात रुझा ते ऐकत बसते.

ही रुझा म्हणजे तिची जन्माची शेजारीण. राहते तटाबाहेर, पण दिवसभर आपल्या जुन्या कोनोबात टोप्या आणि फ्रीजवर चिकटवायची चित्रं विकते. तोंड एक क्षण बंद नाही.

तर गेल्या मार्चमध्ये सावोचा फोन आला.

"आई, ऑगस्टात येऊ म्हणतोय. उल्रिकाला सुट्टी आहे. सिग्रिडलाही समुद्र दाखवायचाय. दहाएक दिवस राहू."

ऑगस्टात! दारिंका हातातली कॉफी तशीच ठेवून खाली बसली. परदेशी गेल्यापासून सावो आला तो हिवाळ्यातच. एकदा बायकोला दाखवायला, एकदा बापाला मातीत ठेवायला. उन्हाळ्याचं नाव काढलं की त्याला कामं निघायची. आणि आता स्वतःहून म्हणत होता, येतो. बाईच्या आनंदाला नुसतं उधाण आलं.

"या रे बाळा, या! मी कोनोबाला चुना मारून ठेवते. तुझी ती खालची लोखंडी खाट आहे अजून, सिग्रिडला बरोब्बर होईल. तुम्हा दोघांना बाबांची मोठी गादी खाली घालते."

मग सावोनं विचारलं, "वर कोण असणार आहे?"

"यार्मिला आणि बोहुमिल, आणखी कोण? ऑगस्ट त्यांचाच की."

"हं," सावो म्हणाला. "मग बघू, आई."

त्या 'बघू'कडे दारिंकाचं लक्षही गेलं नाही. तिनं फोन ठेवला, समोर जाऊन रुझाला सांगितलं, मग पाववाल्याला सांगितलं, चर्चमध्ये मेणबत्ती लावताना देवालाही सांगितलं. सावो येतोय, ऑगस्टात.

मग सुरू झाली मुक्कामाची आखणी. दोन-चार दिवसांनी सावोचा काहीतरी प्रश्न यायचा. तटालगतच्या किनाऱ्यावर वाळू आहे की गोटे? सिग्रिडच्या पायाला लागतील का? सावली किती वाजेपर्यंत असते? दारिंका चष्मा लावून एका बोटानं लांबलचक उत्तरं लिहायची. कड्याखालच्या छोट्या किनाऱ्यावर सकाळी लवकर जा, नंतर पाय ठेवायला जागा नसते. छत्री भाड्यानं घेऊ नका, लुटतात मेले, आपल्याकडे बाबांची आहे. पोरीला दुपारी उन्हात नेऊ नका. आयुष्यभर परक्यांना जे सांगत आली ते आता आपल्या माणसांना सांगायला मिळतंय, याचंच तिला कौतुक. लिहिता लिहिता एकटीच हसायची.

एप्रिलच्या शेवटी सावोनं विचारलं, "आई, हॉटेलांची पार्किंगं संध्याकाळी भरून जातात का गं?"

"कुठल्या हॉटेलांची?" दारिंकानं लगेच फोन लावून विचारलं.

"लांब किनाऱ्यावर एक बघून ठेवलंय. पैसे भरायचेत अजून. तुला कशाला त्रास, आई? ऑगस्टात तुझी किती धावपळ असते."

इतकं गोड बोलला की भांडायलाही जागा ठेवली नाही. तिनं "बरं" म्हटलं. फोन ठेवला.

रुझाला मात्र आयतंच कोलीत मिळालं. "मी म्हटलं नव्हतं, दारिंके? ही सगळी त्या स्वीडनवालीची करणी. तिला तरणतलाव हवा, थंड हवेचं यंत्र हवं. सासूला तोंडावर नावानं हाक मारते ती बाई! ती तुझ्या घरात पाय पसरणार होय?"

"नावानं मारते, ते त्यांच्याकडे तसंच असतं."

"त्यांच्याकडे काहीही असेल. पोरगा तुझा ना? त्याला तोंड नाही?"

दारिंका वाद घालत बसली नाही, पण मनातून तिलाही पटलं. सुनेनंच मोडता घातला असणार. असं मानलं की मुलाविषयी काही वाईट मनात आणावं लागत नव्हतं. त्यामुळे तिनं तेच धरून ठेवलं.

मे महिन्यात यार्मिलाचा फोन आला. ही यार्मिला आणि तिचा नवरा बोहुमिल झेक, ब्रनोजवळच्या कुठल्याशा गावातले. सावो हायस्कुलात होता तेव्हापासून दर ऑगस्टात यायचे. गाडीच्या डिकीत घरून तळलेले मांसाचे तुकडे आणि डबाबंद मांस भरून आणायचे आणि गल्ली त्यावरून त्यांची यथेच्छ टिंगल करायची. पण निको गेला त्या वर्षी हीच दोघं भर हिवाळ्यात फुलं घेऊन आली होती. यार्मिलाची भाषा म्हणजे तिकडचे शब्द आणि इकडचे शब्द यांची मिसळ, पण दारिंकाला सगळं समजायचं. तिनं बोलता बोलता सावोचं सांगितलं. येतोय म्हणून, आणि हॉटेलात उतरतोय म्हणून.

"अगं, मग त्याला वरचं घर दे की!" यार्मिला म्हणाली. "आम्ही दोघं राहतो खाली कोनोबात. आम्हाला काय, दिवसभर पाण्यातच असतो."

"छे छे, काहीतरीच काय!" दारिंका उसळलीच. "तिथं किती ओल आहे माहितेय? गादीला वास येतो. खिडकी म्हणून नाही, सकाळ झालेली कळत नाही. वरून सारखे पाय वाजतात. तिथं का कुणाला झोपवायचं? माणसं आहात तुम्ही..."

आणि ती थांबली.

"दारिंका?" यार्मिला म्हणाली. "ऐकतेयस ना?"

ती ऐकत नव्हती. तिच्या कानात वेगळंच काही होतं. सावो आठ-नऊ वर्षांचा असेल. ऑगस्टच होता. पोराला ताप चढला आणि खोकला थांबेना. वर बेलग्रेडचं एक कुटुंब उतरलं होतं. त्यातली बाई, भली होती बिचारी, खाली येऊन म्हणाली, मुलाला वर त्याच्या खाटेवर झोपवा, आम्ही सावरून घेऊ. दारिंका हसून म्हणाली होती, "असं कसं, बाई? तुम्ही पाहुणे." आणि ती बाई वर गेल्यावर पोराच्या तोंडाशी टॉवेल धरून म्हणाली होती, "हळू खोक, बाळा. वर पाहुणे झोपलेत." सावो उशीत तोंड खुपसून खोकायला शिकला. फार शहाणं पोर म्हणून गल्लीभर त्याचं कौतुक झालं होतं.

तिनं काही जगावेगळं केलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. त्या काळी आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरात पोरांना हेच ऐकावं लागायचं. हळू बोल, हळू चाल, चेंडू आपटू नकोस, वर पाहुणे आहेत. पण परक्या बाईला जिथं झोपवायला जीभ रेटेना, तिथं तिनं मार्चमध्ये हौसेनं आपल्या लेकाचं अंथरूण घातलं होतं. शिवाय चुना मारते म्हणाली होती.

"यार्मिला," ती म्हणाली, "या ऑगस्टात तुम्ही येऊ नका."

मग यार्मिला म्हणाली, "बरं करतेयस." लगेच पुढे म्हणाली, "पुढच्या वर्षी मात्र येऊ हं?"

"पुढच्या वर्षी नक्की. तुमचंच घर आहे," दारिंकानं शब्द दिला.

लगेच तिनं सावोला फोन लावला. "वरचं घर मोकळं केलंय. तुमच्यासाठी."

"अगं आई, कालच पैसे भरले. आता परत नाही मिळत."

"मग राहू देत ते हॉटेल. एक रात्र या. एकच रात्र माझ्याकडे झोपा, वर, तुझ्या खोलीत. जास्त नाही मागत."

"बघू." मग तो म्हणाला, "घर रिकामं नको ठेवूस. पाहुणे घे तू."

तिनं ऑगस्टात कुणालाच घेतलं नाही. जूनमध्ये सवयीप्रमाणे आपली गादी खाली आणली. जुलैअखेरपर्यंत पाहुणे घेतले आणि ऑगस्टात वरचं दार लावून घेतलं. बुद्वात ऑगस्ट म्हणजे माणसं पाठीवर पिशव्या घेऊन दारोदार खोली विचारत फिरतात. त्यांना ती म्हणायची, "जागा नाही." वर खिडक्या मिटलेल्या, चादरी सुवासिक लॅव्हेंडरच्या पुरचुंड्या घालून कडक ताणलेल्या.

"डोकं फिरलंय तुझं," रुझा म्हणाली. "एका रात्रीसाठी सबंध महिना?"

"एका रात्रीसाठी," दारिंका म्हणाली.

ते आले. हॉटेलात सामान टाकून दुपारी भेटायला आले, हातात मिठाईचा डबा, जसा परक्याच्या घरी जाताना नेतात तसा. सिग्रिड सहा वर्षांची, पांढुरक्या सोनेरी केसांची, दारात उभी राहून आजीकडे टकामका बघत होती. सावो कोनोबाच्या दारात वाकला, कारण ते दार त्याला केव्हाच लहान झालं होतं, आणि कुजबुजल्यासारखा म्हणाला, "कशी आहेस, आई?"

"हळू कशाला बोलतोस? वर कुणी नाही."

"तो उन्हाळ्यात असाच बोलतो, दारिंका," उल्रिका हसत म्हणाली. मोडकंतोडकं का होईना, आमची भाषा शिकली होती ती. "तिकडे पण. जुलै आला की याचा आवाज खाली जातो. मी विचारते, घसा बसला का?"

तिच्याशिवाय कुणीच हसलं नाही. मग ती इकडेतिकडे बघत म्हणाली, "किती सुंदर आहे इथं! मला तर इथंच राहायचं होतं, तटाच्या आत. सावोच नको म्हणाला."

कढईत पिठाचे गोळे तळायला टाकले होते, प्रिगानित्से, सावोला मधाबरोबर आवडायचे ते. ते दारिंकानं उलटवले, काढले, पुन्हा टाकले. इतके महिने सुनेच्या नावानं मनातल्या मनात बोटं मोडली, आणि सून तर राहायला तयार होती.

नंतर ती सगळ्यांना वर घेऊन गेली. खिडक्या उघडल्या. सिग्रिडनं बूट काढले आणि धाडकन खाटेवर उडी घेतली.

"हळू, सिग्रिड!" सावो ओरडला, तोही कुजबुजतच. तो खोलीत आलाच नव्हता. चौकटीला हात धरून उंबऱ्यावर उभा होता, कुणाची परवानगी घ्यायची राहिली असावी तसा.

"उडू दे तिला," दारिंका म्हणाली. "मोडली तर मोडली खाट."

निघताना तिनं विचारलं, "आज रात्री?"

"पोरीची झोप मोडते गं जागा बदलली की. बघू."

असेच दिवस गेले. रोज दुपारी जेवायला यायचे, मासे खायचे, छान म्हणायचे आणि सूर्य कलायच्या आत हॉटेलकडे निघायचे. दारिंका रोज वर जाऊन चादरी सारख्या करून यायची. त्यांवर सुरकुती नव्हतीच, तरी करायची. मग खाली येऊन आपल्या गादीवर पडायची. वर पावलं वाजत नसलेला तो तिच्या हयातीतला पहिला ऑगस्ट. तिला झोप येईना. इतकी वर्षं त्या पावलांचा वैताग केला, आणि आता छताकडे कान लावून पडायची.

शेवटच्या दिवशी रात्रीचं विमान होतं. दुपारी सावो एकटाच आला. कोनोबातला नळ गळतो हे त्याच्या लक्षात आलं होतं, म्हणे तेवढा करून जातो. नळ झाला. मग म्हणाला, वरचाही बघून येतो. दारिंका मसूर शिजवत होती. बराच वेळ झाला तरी तो खाली येईना, तेव्हा ती बघायला गेली.

सावो आपल्या खाटेवर आडवा झाला होता. बूट घातलेले, तोंड खिडकीकडे, हातात अजून पान्हा. गाढ झोपला होता. घोरत होता चक्क, मोठमोठ्यानं.

दारिंका उंबऱ्यावरूनच मागे फिरली. जिन्यावर तिनं चपला काढून हातात घेतल्या. खाली येऊन शेगडी बारीक केली, पातेल्यावरचं झाकण फडफडत होतं ते फडक्यानं दाबून धरलं. तेवढ्यात दारातून रुझा गरजली, "दारिंके! गेले का गं तुझे ते..."

"श्श!" दारिंकानं तिच्या तोंडावरच हात ठेवला. "हळू बोल. वर सावो झोपलाय."

रुझानं तिच्याकडे बघितलं, मग छताकडे बघितलं. आणि जिचं तोंड एक क्षण बंद नसायचं ती बाई एक अक्षर न बोलता बाहेर गेली. गल्लीत इटालियन पोरांचं एक टोळकं गात चाललं होतं, त्यांना तिनं हातवारे करून गप्प केलं. पेयांच्या खोक्यांची हातगाडी खडखडत आली, तिला दुसऱ्या गल्लीनं पिटाळलं. दुकानातलं गिऱ्हाईक भाव विचारत होतं, त्यालाही म्हणाली, "हळू. वर पोरगा झोपलाय." भर ऑगस्टात, भर दुपारी, आमची गल्ली एका माणसाच्या झोपेसाठी गप्प झाली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

टेबलावर सावोचा फोन थरथरला. दारिंकानं तो पटकन उचलून पदराआड केल्यासारखा एप्रनमध्ये धरला आणि कोपऱ्यात जाऊन बोलली. "झोपलाय गं तो."

"झोपू दे," उल्रिका म्हणाली. "सामान मी भरते. तुम्ही उठवू नका त्याला."

उन्हं उतरायला लागल्यावर सावो खाली आला. बूट हातात, अनवाणी, करकरणारी तिसरी पायरी बरोबर टाळून. खालच्या पायरीवर बसून बूट घालायला लागला.

"उठवलं का नाहीस, आई?"

"का उठवू? तुझंच घर आहे."

त्यानं नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. "आई, मी ऑगस्टातला समुद्र वरून कधी पाहिलाच नव्हता," तो म्हणाला. आवाज मोठा होता, हिवाळ्यात असायचा तसा. "किती निळा असतो गं."

दारिंकाला सांगायचं खूप होतं. चुकलं माझं, एवढं तरी. पण ती त्याच्या शर्टावरचा कळकट डाग चोळत राहिली, तो काही जाईना. त्यानं तिचा हात धरून थांबवला आणि तसाच थोडा वेळ धरून ठेवला.

"पुढच्या वर्षी येशील?" तिनं दारात विचारलं.

"बघू," सावो म्हणाला आणि गेला.

पाहुणा बाहेर पडला की चादरी ओढून काढायच्या आणि उकळत्या पाण्यात टाकायच्या, हा तिचा उभ्या आयुष्याचा नेम. त्या दिवशी ती वर गेली, खाटेवरच्या सुरकुत्या बघितल्या आणि खिडकी लावून खाली आली. झोपली कोनोबातच. सप्टेंबर सरेपर्यंत कोनोबातच झोपली, एकटी, रिकाम्या घराखाली. वर जाऊन झोप म्हणून रुझानं दहादा सांगून पाहिलं.

ऑक्टोबरात ब्रनोहून फोन आला. यार्मिलाचा गुडघा दुखतो, बोहुमिलला आता गाडी झेपत नाही, पुढच्या वर्षी बसनं येऊ, असं काय काय बोलून झाल्यावर तिनं विचारलं, "मग ऑगस्ट आमचा ना?"

"जूनमध्ये या," दारिंका म्हणाली. "जूनमध्ये पाणीसुद्धा छान असतं. पैसे नका देऊ, नुसते या. ऑगस्टात नाही जमणार, यार्मिला. घर भरलंय."

"अगंबाई! सावो येतोय का?"

"हो," दारिंका म्हणाली. "बघू म्हणालाय."